चालेल

नॅडीनच्या उशापाशी लावलेले आयरिसचे कंद
मंगळवारी रात्री रानडुकरांनी खाल्ले.
माती अशी उपसलेली,
जशी किल्ली शोधताना कुणी पिशवी उलटी करावी.
पाद्री म्हणाला, देवाचीच लेकरं तीही.
मग बूट झटकत हळूच म्हणाला,
पण इथं नको हं, रॉस्को.
दफनभूमीत बंदूक नाही चालायची.

मग कुठे चालेल?

एवढंच विचारायला मी काउंटीच्या कचेरीत गेलो.
लुर्लीननं खिडकीतून नकाशा सरकवला:
हिरवं ते सरकारी जंगल, तिथं फक्त हंगामात,
आणि हंगाम हरणाचा, डुकराचा नाही.
पट्ट्यापट्ट्यांचं ते कागद कंपनीचं, तिथं क्लबचे सभासद.
क्लबात जागा नाही,
प्रतीक्षा यादीतले दोघं तर मेलेसुद्धा.
निळं धरणाचं. धरणाचं धरणवाल्यांना विचार.
आणि हे पांढरं?
पांढरं म्हणजे लोकांचं, ती म्हणाली.
लोकांना विचार.

धरणावरचा माणूस म्हणाला,
पाणी भरतं त्या रेषेच्या आत आमचं.
पाणी कुठवर भरतं?
ते त्या त्या वर्षावर आहे.

वॉर्डन एस्पिनोझा गाडीतून उतरला नाही,
काचेआडून बोटं मोजत गेला:
रस्त्यावरून नाही,
रस्त्याकडेच्या गवतातून नाही,
पुलावरून तर नाहीच नाही.
मी म्हटलं, डुकरं पुलावरूनच येतात.
तो म्हणाला, त्यांना लायसन लागत नाही.

एकतीस वर्षं मी शाळेची पिवळी बस चालवली या मुलखात.
एकूण एक फाटक मला ठाऊक,
कुठलं करकरतं, कुठल्याला तारेचं कडं,
कुठल्या फाटकाशी कोण पोर डबा विसरून रडायचं.
जमीन कुणाची, हे मात्र कधी विचारलं नव्हतं.
मला फक्त थांबे माहीत होते.

तेव्हा पांढरा भाग मी थांब्यांप्रमाणेच घेतला,
सकाळी सहा चाळीसपासून, सवयीनं.
वांडा म्हणाली, या की, पण माझ्या गाई बिचकतील.
जुळ्या गॅस्किन भावांची वाटणी झाली होती,
एक हो म्हणाला, एक नाही,
आणि मधली रेघ दोघांनाही नक्की दाखवता येईना.
दोन फाटकांना आता डॅलसवाल्यांची कुलपं होती
आणि एक कॅमेरा.
त्याच्याकडे बघून मी टोपी काढली.

माग मात्र सगळे एकीकडेच जात होते.
चिखलात दुभंगलेले खूर,
खालच्या तारेला अडकलेले राठ केस,
पाइनच्या बुंध्याला कमरेइतक्या उंचीवर घासलेला चिखल,
अजून ओला.
कर्टिस ओडमच्या दलदलीकडे.

शेवटचा थांबा.
कर्टिसला मी एकदा बसमधून उतरवलं होतं.
नऊ वर्षांचा होता. ब्लेडनं सीट फाडली म्हणून.
घर दोन मैल पुढे, नोव्हेंबर,
आणि आरशात तो लहान लहान होत गेला
वळण येईपर्यंत.
सीट त्यानं फाडलीच नव्हती, हे मला मार्चमध्ये कळलं.
मी काही बोललो नाही.
तोही रोज चढायचा, गुड मॉर्निंग म्हणायचा,
मागे जाऊन बसायचा.

आता त्याच्या दाढीत पांढरं आहे.
फाटकावर हात ठेवून त्यानं सगळं ऐकून घेतलं,
कंदांचं, नकाशाचं, नॅडीनचं.
आहेत, म्हणाला. चाळीस तरी असतील.
मारा हवी तेवढी.
मग माझ्या ट्रककडे बघितलं.
गाडी इथंच लावायची, मिस्टर टिलरी.
आत दोन मैल आहे.
चालेल?

चालेल, मी म्हटलं.

पहिल्याच मैलात गुडघा बोलायला लागला.
मागे तो अजून फाटकाशी उभा असणार,
मी वळून पाहिलं नाही.
उजवीकडे वेळूच्या बेटात काहीतरी
चघळायचं थांबलं,
आणि माझी पावलं ऐकत राहिलं.